चासी आधी बघा

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडलेले अधिकारी सायकलीच्या बाबतीत दोन प्रकारचे असतात. पहिले असे, की पासिंग आउट परेड झाली की पुन्हा सायकलला हात लावत नाहीत. खडकवासल्याला तीन वर्षे वर्गात, पोहायच्या तलावावर, मैदानावर सगळीकडे सायकलनेच जायचे, तेही स्क्वॉड करून, ओळ न मोडता. आणि सिनियरची मर्जी फिरली की तीच सायकल डोक्यावर धरून पळायचे. एवढे झाल्यावर माणसाचे पोट भरते. दुसऱ्या प्रकारच्या लोकांना मात्र सायकल चिकटते ती कायमची. मी या दुसऱ्यांतला. गुडघ्यांनी पळण्याबद्दल तक्रार सुरू केल्यावर एमआय रूमच्या डॉक्टरांनी सायकल सुचवली, तेव्हा मला औषधाऐवजी बक्षीस मिळाल्यासारखे वाटले होते.

लेहच्या पोस्टिंगबद्दल इथे आधीही लिहिले आहे. आज लिहायचे आहे ते डोंगरी सायकलीबद्दल, म्हणजे दुकानात जिला एमटीबी म्हणतात तिच्याबद्दल. कमी पैशांत ती घ्यायची कशी, आणि घेतल्यावर पुढे तिच्यात पैसे घालत राहायचे की नाही. निमित्त आमच्या युनिटला जोडलेल्या ईएमईच्या एका हवालदारांचे. सातारा जिल्ह्यातले, वाई तालुक्यातले. स्टॅलियन ट्रक नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. पेन्शनला एक वर्ष राहिलेले.

रविवारी सकाळी मी माझी सायकल उलटी करून चेन पुसत होतो. ते शेजारी येऊन उभे राहिले, मग उकिडवे बसले, मग हळूच म्हणाले, "साहेब, एक विचारायचं होतं. पोराला सायकल घ्यायचीय. पंचवीस हजार बाजूला काढलेत. पण दुकानदार म्हणतो आत्ता बाराची घ्या, पुढं पेन्शन आली की पार्ट बदलत जा, म्हणजे चाळीसची होईल. हे असं होतं का?"

मुलगा अकरावीला. वाडी धोम धरणाच्या वरच्या अंगाला, कॉलेज वाईला. चौदा किलोमीटर, त्यातले पहिले तीन कच्चे, दगडगोट्यांचे, मग डांबरी. सकाळची एसटी सोयीची आहे, पण प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी संध्याकाळची एसटी निघून गेलेली असते. मग कुणाच्या तरी टेम्पोत, कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसून, कधी चालत. आईचे म्हणणे, वाईला खोली घेऊ. खोलीचे भाडे, डबा, शिवाय घरी ती एकटी. हवालदारांचे म्हणणे, सायकल घेऊ. आणि मुलाचे म्हणणे, घेणार असाल तर मोबाइलवर दाखवलेली ती घ्या: पुढे शॉकअप, मागे शॉकअप, जाड टायर, एकवीस गिअर, बारा हजार.

"मग अडचण काय आहे?" मी विचारले.

"साहेब, मी वर्षातून दोन महिने घरी. त्यात पोराला नाही म्हणायचं म्हणजे..." पुढचे ते बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. वर्षातून दोन महिने घरी जाणाऱ्या बापाला नकार देताना काय होते हे फौजेत ज्याला मुले आहेत त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझी मुलगी नववीत आहे. तिला मी शेवटचा नकार कधी दिला हे मला आठवत नाही. नकार द्यायचे काम तिच्या आईकडे असते.

त्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून हा हिशेब मांडायला घेतला, तो पुढचे दोन-तीन रविवार चालला.

पहिला प्रश्न मी विचारला तो असा, की डोंगरी सायकल हवीच का? कॉलेजला जाण्यासाठी चौदा किलोमीटर सपाट डांबरी रस्ता असता, तर माझे उत्तर नाही असे होते. जाड खाचांचे टायर डांबरावर घरघर करतात आणि पाय दमवतात. पण वाडीपासूनचे तीन किलोमीटर आणि पावसाळ्यातला बाकीचा रस्ता पाहिला, तर रुंद टायर, भक्कम चाके आणि चढाचे गिअर हवेत हे खरे. म्हणजे डोंगरी सायकल हवी, पण डोंगरावरून उड्या मारायला नको. हा फरक एकदा मनात स्पष्ट झाला की निम्मी दुकाने आपोआप गळतात.

मग मी त्यांना म्हटले, "हवालदारसाहेब, तुम्ही जुना ट्रक बघायला गेलात तर पहिल्यांदा काय बघता?"

"चासी."

"का? इंजिन का नाही?"

"इंजिन उतरवून दुसरं बसवता येतं साहेब. चासी वाकली असेल तर गाडी सरळ चालतच नाही. चासी आधी बघायची."

सायकलचेही नेमके तसेच आहे. सायकलची चासी म्हणजे सांगाडा, फ्रेम. बाकी सगळे त्यावर टांगलेले. दुकानदार जेव्हा 'पुढे पार्ट बदला' म्हणतो तेव्हा विचारायचा प्रश्न हाच, की या चासीवर पुढे काय काय बसू शकते? आणि बारा हजारांच्या डबल शॉकअपच्या सायकलीवर जवळजवळ काहीच बसत नाही.

कारणे सांगतो. या किमतीतला मागचा शॉकअप म्हणजे एक उघडी स्प्रिंग आणि एक सांधा. स्प्रिंग दबली की तिचा उसळा आवरायला आत काही नसते. प्रत्येक पॅडलला स्प्रिंग खाली-वर होते आणि पायाची ताकद रस्त्याऐवजी तिच्यात जाते. सांध्यातले बुश काही महिन्यांत ढिले होतात, मग मागचे चाक डावी-उजवीकडे डोलते. वजन अठरा-वीस किलोच्या घरात. चांगला मागचा शॉक लावायचा तर तो एकटाच सायकलीच्या किमतीपेक्षा महाग, आणि सांधा तोच राहणार. वाकलेल्या चासीवर नवे इंजिन बसवण्यासारखेच ते. कमी पैशांत मागचा शॉकअप नकोच, हा माझा पहिला नियम आहे. त्याला मी अपवाद पाहिलेला नाही.

पुढचा शॉकअप, म्हणजे स्प्रिंगचा चिमटा, याबद्दल थोडे सबुरीने बोलावे लागते. वीस हजारांच्या आसपासच्या बहुतेक सायकलींना तो असतोच. आत लोखंडी स्प्रिंग, वजन अडीच किलो किंवा त्याहून जास्त. खडबडीत रस्त्यावर मनगटांना थोडा आराम देतो, त्यापलीकडे फार नाही. साध्या, ताठ चिमट्याची सायकल त्याच पैशांत हलकी मिळते आणि कमी बिघडते. माझे मत ताठ चिमट्याकडे झुकते. पण सोळा वर्षांच्या मुलाला दोन्हीकडचे शॉकअप नाकारायचे म्हणजे घरात युद्ध, म्हणून पुढचा ठेवायचा ठरला. वाटाघाटीत एक ठाणे सोडावे लागते.

आता फ्रेमकडे येऊ. माप पहिले. उभे राहिल्यावर दोन पायांमध्ये वरच्या दांड्यापासून चार बोटे जागा हवी. कच्च्या रस्त्यावर अचानक पाय टेकावा लागतो तेव्हा ही चार बोटे कामाला येतात. मुलगा अजून वाढणार म्हणून दोन मापे मोठी घेऊ नये. सीटचा दांडा वर घेता येतो, हँडलची मान बदलता येते, पण फ्रेम लहान करता येत नाही. दुसरे, मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो ती पट्टी, म्हणजे हँगर, वेगळी काढता येणारी आहे का? सायकल उजव्या बाजूला पडली की ही पट्टी वाकते. वेगळी असेल तर थोड्या पैशांत नवी बसते. फ्रेमचाच भाग असेल आणि फ्रेम अॅल्युमिनियमची असेल तर मोठेच दुखणे. तिसरे, डिस्क ब्रेक बसवायच्या जागा फ्रेमवर आणि चिमट्यावर दोन्हीकडे आहेत का? आज डिस्क नसला तरी उद्याचा रस्ता खुला राहतो.

आणि चौथे, जे दुकानात कुणी सांगत नाही: मागचे हब. इथे हवालदारसाहेबांचे डोळे चमकले, कारण हा बेअरिंगचा मामला होता. स्वस्त सायकलीत दातऱ्यांचा संच, म्हणजे फ्रीव्हील, हबवर आट्यांनी घट्ट बसवलेला असतो. खटखट वाजणारी यंत्रणा त्या फ्रीव्हीलच्या पोटात असते. या रचनेत उजव्या बाजूचे बेअरिंग हबच्या आतच राहते आणि बाहेरचा एक्सल बराच लांब, आधाराशिवाय लोंबतो. वजनदार माणूस, खड्डे, उड्या, आणि एक दिवस एक्सल वाकतो किंवा तुटतो. महागड्या सायकलीत खटखट यंत्रणा हबमध्येच असते आणि दातऱ्यांचा संच, म्हणजे कॅसेट, तिच्यावर नुसता सरकवायचा असतो. तिथे बेअरिंग अगदी कडेला असते, एक्सलला आधार मिळतो. बाहेरून दोन्ही चाके सारखीच दिसतात. पण आठ-नऊ गिअरचा चांगला संच पुढे लावायचा असेल तर कॅसेटचे हब लागते. फ्रीव्हीलच्या सायकलीवर तो लावायचा म्हणजे मागचे चाक, शिफ्टर, डिरेलर, चेन, सगळेच बदलायचे.

"म्हणजे गिअरबॉक्स बदलायला गेलो तर प्रोपेलर शाफ्टपण बदला," ते म्हणाले.

"आणि डिफरन्शियलसुद्धा."

बाजाराचा ढोबळ नकाशा सांगतो. गावागावांत हजार-दोन हजारांचा फरक पडेल. दहा-बारा हजारांत दिखाऊ डबल शॉकअप किंवा लोखंडी गिअरच्या सायकली. पंधरा ते पंचवीस हजारांत अॅल्युमिनियमची फ्रेम, स्प्रिंगचा चिमटा, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, पुढे तीन आणि मागे सात दातऱ्यांचे फ्रीव्हील. पस्तीस हजारांच्या पुढे ऑइलवर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक, कॅसेटचे हब, नऊ गिअर, कुलूप लागणारा चिमटा. हवेवर चालणारा चांगला चिमटा त्याहून वरच्या पायरीवर. शिमानोच्या नावाने भुलू नये. टूर्नी, अल्टस, एसेरा, देओरे या एकाच कंपनीच्या चढत्या पायऱ्या आहेत. फलकावर नुसते 'शिमानो गिअर्स' लिहिलेले असले की बहुधा तळची पायरी असते, आणि तीसुद्धा एकट्या मागच्या डिरेलरपुरती.

म्हणजे पंचवीस हजारांत कॅसेटचे हब आणि हायड्रॉलिक ब्रेक नव्या सायकलीत बसत नव्हते. हवालदारांनी लगेच विचारले, दहा हजार उसने काढू का? मी नको म्हटले. चौदा किलोमीटरच्या कॉलेजच्या रस्त्याला, पासष्ट किलोच्या मुलाला, सात गिअरचे फ्रीव्हील आणि नीट जुळवलेले केबलचे डिस्क ब्रेक पुरतात. पेन्शनीच्या तोंडावर कर्ज करून घ्यावी अशी ही वस्तू नाही.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते विषयाच्या पोटातलेच आहे. डोंगरी सायकलीचा जन्मच मुळी जुन्या, स्वस्त सायकलीला पार्ट लावण्यातून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, माउंट तमालपैसच्या परिसरात, काही तरुण १९७०च्या दशकात भंगारात मिळणाऱ्या जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली घेऊन डोंगर उतरायचे. १९७६ मध्ये त्यांनी एका उतारावर शर्यती सुरू केल्या. या सायकलींना मागे फिरवलेल्या पॅडलने लागणारा ब्रेक होता. एका उतारात तो इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत याला रीपॅक म्हणतात, म्हणून त्या शर्यतीचे नावच रीपॅक पडले. त्यांनी मोटरसायकलचे लिव्हर लावले, गिअर लावले, चांगले ब्रेक लावले. पण जुन्या फ्रेमची मर्यादा आली तेव्हा १९७७ मध्ये जो ब्रीझ याने डोंगरासाठीच म्हणून नवी फ्रेम बांधली. चार वर्षांनी, १९८१ मध्ये, स्पेशलाइज्डची स्टंपजंपर कारखान्यातून बाहेर पडली आणि डोंगरी सायकल बाजारात आली. ज्यांनी पार्ट बदलण्याची कला जगाला दिली, तेही शेवटी चासीपाशी येऊन थांबले आणि चासीच नवी केली.

फौजी माणसाला दुसरे उदाहरण जास्त जवळचे वाटेल. १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी लोकांनी साध्या सायकलींवरून दारूगोळा आणि तांदूळ जंगलातून वाहून नेला. हँडलला आणि सीटच्या जागी बांबू बांधले, फ्रेमला आधार दिला, आणि माणसाने वर बसण्याऐवजी शेजारून ढकलत एकेका सायकलीवर दोनशे किलोपर्यंत ओझे नेले. हाही अपग्रेडच. त्यांनी सायकल वेगवान केली नाही, हलकी केली नाही. कामाला जे लागत होते तेवढेच बदलले.

माझी स्वतःची सायकल २०१४ मध्ये डेहराडूनला घेतली, साधारण एकोणीस हजारांना. ती माझ्याबरोबर म्हूला आली. तिथून विंध्याच्या कड्यावरच्या जाम दरवाजापर्यंत रविवारी जायचो. अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेली ती कमान आणि खाली पसरलेले निमाड पाहिले की चढाचा शीण जायचा. मग ईशान्येत एक पोस्टिंग, आणि आता लेह. दर बदलीला सामानाच्या यादीत तिचा नंबर फ्रिजच्या खाली आणि पुस्तकांच्या वर असतो. दहा वर्षांत मी तिच्यावर सतरा हजारांच्या आसपास खर्च केला. म्हणजे जवळपास आणखी एक सायकल. पण त्यातला बहुतेक खर्च झिजेचा आहे: चार चेन, दोन फ्रीव्हील, टायरच्या तीन जोड्या, केबल, ब्रेक पॅड. २०१९ मध्ये केबलचे ब्रेक कॅलिपर झिजले तेव्हा तेच पुन्हा घेण्याऐवजी साडेपाच हजारांचे हायड्रॉलिक घेतले. चिमटा अजून पहिलाच आहे.

चिमटा बदलण्याचा मोह दरवर्षी होतो. हवेचा चांगला चिमटा एकटाच सायकलीच्या मूळ किमतीच्या वर जातो. शिवाय आता चांगले चिमटे खाली रुंद होत जाणाऱ्या नळीचे येतात, माझ्या फ्रेमची पुढची नळी सरळ, जुन्या मापाची. आणि शंभर मिलिमीटरच्या चिमट्यासाठी बांधलेल्या फ्रेमला एकशेचाळीसचा लावला तर पुढचा भाग उचलला जातो, वळण बदलते आणि फ्रेमच्या जोडावर जास्त ताण येतो. हिशेब दरवर्षी तोच निघतो: चिमट्याच्या पैशांत ही सायकल विकून आलेली रक्कम घातली, तर चांगला चिमटा असलेली दुसरी सायकल येते. सुटे पार्ट नेहमीच महाग पडतात. कंपनी तेच पार्ट हजारांनी विकत घेते, आपण एक घेतो.

यावरून माझ्यापुरते तीन कप्पे ठरले आहेत, तेच हवालदारांना सांगितले.

पहिला कप्पा पहिल्याच दिवशी करायच्या खर्चाचा. अंगाला आणि जिवाला लागणाऱ्या गोष्टी: हेल्मेट, दिवे, योग्य उंचीची सीट, हाताला न टोचणारी मूठ, पायाला न घसरणारे पॅडल. याला अपग्रेड म्हणू नये, हा खरेदीचाच भाग. त्यासाठी बजेटचा पाचवा हिस्सा आधीच बाजूला काढावा.

दुसरा कप्पा झिजल्यावर बदलायच्या वस्तूंचा. जे झिजले ते बदलताना शक्य असेल तर एक पायरी वरचे घ्यावे. टायर, चेन, ब्रेक पॅड, फ्रीव्हील. वाडीच्या चढासाठी यातला सर्वांत स्वस्त आणि मोठा फायदा फ्रीव्हीलचा. कंपनीकडून येते ते बहुधा चौदा ते अठ्ठावीस दातांचे. त्याऐवजी चौदा ते चौतीसचे सात गिअरचे फ्रीव्हील मिळते, काहीशे रुपयांत, आणि बहुतेक साधे डिरेलर ते पेलतात. चेन मात्र पुरेशी लांब आहे ना ते पाहायचे. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायाला सुमारे अठरा टक्के कमी जोर लागतो. हजारो रुपयांनी सायकलीचे दोन किलो उतरवले तरी चढावर एवढा फरक जाणवत नाही.

तिसरा कप्पा ज्याला हात लावायचा नाही त्याचा. चिमटा, कॅसेटचे नवे चाक, पूर्ण गिअर संच. त्यांची गरज खरोखर भासू लागली, म्हणजे रस्ताच बदलला, तर सायकल विकावी आणि दुसरी घ्यावी. छावणीत हा बाजार छान चालतो. बदल्यांच्या मोसमात नोटीस बोर्डावर गीझर, कूलर आणि सायकली एकाच कागदावर असतात. जुनी घेताना तीच परीक्षा: फ्रेमच्या जोडांवर केसासारखी चीर आहे का, चाक फिरवल्यावर रिम आउट आहे का, पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवली तर हँडलच्या मानेत खटखट लागते का.

ब्रेकबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण लेहमध्ये राहून ते न सांगणे बरोबर नाही. इथे खार्दुंग ला वरून भाड्याच्या सायकलींवर पर्यटक लेहपर्यंत उतरतात. जुन्या फलकावर या खिंडीची उंची १८,३८० फूट लिहिलेली असायची. मोजणीत ती ५,३५९ मीटरच्या आसपास भरते. तरीही लेह साधारण ३,५०० मीटरवर, म्हणजे चाळीस किलोमीटरमध्ये साडेअठराशे मीटरचा उतार. साउथ पुल्लूच्या वर रस्ता कच्चा, बर्फ वितळून वाहणारे पाणी, समोरून ट्रक. इथे सतत ब्रेक दाबून धरणाऱ्याची डिस्क तापते आणि पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. मग लिव्हर दाबला तरी सायकल थांबत नाही. उपाय ट्रक ड्रायव्हरला माहीत असतो: वेग वाढू द्यायचा नाही, जोरात दाबून सोडायचे, पुन्हा दाबायचे, दोन्ही ब्रेक वापरायचे. एक तांत्रिक खाच अशी, की धातूमिश्रित पॅड उष्णता जास्त सोसतात, पण स्वस्त डिस्कवर बारीक अक्षरात 'रेझिन पॅड ओन्ली' असे कोरलेले असते. तसे असेल तर धातूचे पॅड लावू नयेत, डिस्क लवकर खाल्ली जाते.

हवालदारांनी हे ऐकून घेतले आणि विचारले, "वाडीतून खाली उतरताना शेवटी एक वळण आहे साहेब. खाली थेट धरणाचं पाणी." त्या दिवशी सायकलीच्या गप्पा पहिल्यांदा गंभीर झाल्या. कोणती कंपनी, किती गिअर हे मागे पडले. तो मुलगा रोज सकाळी ते वळण घेणार होता, आणि बाप दोन हजार किलोमीटरवर असणार होता.

मी म्हटले, "आता निर्णय तुम्ही नका घेऊ. त्यालाच घ्यायला लावा. पण परीक्षा आपण ठरवू."

मेच्या शेवटी मुलगा मामाबरोबर साताऱ्याला दुकानात गेला. इकडून बापाने व्हिडिओ कॉल लावला. आधी मुलाला त्याची आवडती डबल शॉकअप एका हाताने उचलायला सांगितली. मग शेजारची साधी. मग सीटवर बसून पॅडल मारताना मागची स्प्रिंग किती दबते ते मामाला पाहायला सांगितले. मग मागचे चाक फिरवून रिमकडे नजर. सगळे झाल्यावर मुलाने आपणहून दुकानदाराला विचारले, "काका, याचा हँगर वेगळा मिळतो का?" दुकानदार क्षणभर गप्प झाला. स्क्रीनवर हवालदारांचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्यांना नाही म्हणावेच लागले नाही.

हिशेब असा झाला: सायकल १८,५००. हेल्मेट १,५००. पुढचा-मागचा दिवा १,२००. पंप, दोन ट्यूब, पंक्चरचे सामान आणि पान्यांचा संच १,६००. मडगार्ड ४००, कुलूप ४००. एकूण २३,६००. उरलेले १,४०० पहिल्या सर्व्हिसिंगला आणि पॅडला. मडगार्डवर मुलगा नाराज होता, पण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ती नाराजी चिखलाबरोबर धुऊन गेली.

दिवाळीच्या सुट्टीहून हवालदार परतले ते सरळ माझ्याकडे. चौतीस दातांचे फ्रीव्हील दोघांनी मिळून बसवले. चेन मोजायची रीत मी सांगितली होती: फूटपट्टीने चेनच्या बारा पूर्ण जोड्या, नवी असेल तर बरोबर बारा इंच. एक सोळांश इंच वाढली की चेन बदलायची, एक अष्टमांश वाढू दिली तर फ्रीव्हीलही गेले समजायचे. मुलगा दर महिन्याला मोजून वहीत लिहितो. शेवटच्या वळणाआधी उतरून ब्रेक तपासतो, असे आईने सांगितले. स्वतः सांगत नाही. ऑक्टोबरात एकदा पुढची रिम आउट झाली, ती त्याने तारा आवळून घरीच सरळ केली, यूट्यूबवर पाहून. वाईची खोली घ्यावी लागली नाही.

"आणि पुढचा शॉकअप? बदला म्हणत नाही?"

"म्हणतो की साहेब. पण आता सोबत किंमत पण सांगतो, आणि नळीचं मापसुद्धा. मग स्वतःच म्हणतो, राहू दे."

एप्रिलमध्ये ते पेन्शनवर जातील. वाईत दुचाकीचे गॅरेज टाकायचा विचार आहे, एका कोपऱ्यात गिअरच्या सायकली, कारण हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा काढून देणारा तिकडे कुणी नाही, असे मुलगा म्हणतो. जाताना माझ्याकडचा फ्रीव्हील काढायचा पाना मागितला. माझ्याकडे दोन आहेत. जुना, डेहराडूनचा, त्यांना दिला.